न मागितलेला वर

श्रावण लागला की आपल्याकडे पुष्कळ गावांत देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर पोथी लागते. कुठे हरिविजय, कुठे रामविजय, कुठे पांडवप्रताप. दिवसभर खुरपणी करून थकलेली माणसे हातपाय धुऊन येऊन बसतात. बायका एका अंगाला पदर सावरून बसतात, पोरे पेंगू लागतात. महाभारताची कथा चालू असली की कर्णाच्या जन्माची हकिकत येते, आणि ती आली की सांगणारा बहुधा थोडी घाई करतो. कुंतीला मंत्र मिळाला, सूर्य आला, कर्ण झाला, पेटीत घालून नदीत सोडला, आता पुढे ऐका. पुढे द्रोण आहेत, द्रौपदीचे स्वयंवर आहे, लाक्षागृह आहे. ऐकण्यासारखे खूप आहे. त्या घाईत एक गोष्ट नजरेतून सुटते. जिची ही हकिकत, ती तेव्हा आपल्या घरातून आठवी-नववीच्या शाळेत जाणाऱ्या पोरीएवढी होती.

माझे खाते बी-बियाण्याचे, खतांचे आणि कीड-रोगांचे. शेतीच्या माणसाने महाभारतात कशाला नाक खुपसावे, असे कुणी म्हणेल. पण विस्ताराचे काम म्हणजे नुसते शेतात उभे राहणे नव्हे. माती परीक्षणाचा कागद समजावून द्यायला घरात जावे लागते. पडवीत बसून चहा होतो, आणि चहा होता होता घरातले पुष्कळ काही कानावर येते. त्यात वयात आलेल्या मुलीची काळजी नसलेले घर मला अजून भेटायचे आहे. काळजी सगळ्यांना असते. त्या मुलीशी बसून बोलणारे मात्र थोडे. म्हणून ही कथा यंदा जरा सावकाश सांगावी असे वाटले.

आपल्याकडे कर्णाच्या बाजूने खूप लिहिले गेले. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ साली आले, आणि खेड्यातल्या वाचनालयात त्याची पाने विरून जाईपर्यंत लोकांनी ते वाचले. वाचणारा कर्णासाठी रडतो आणि कुंतीवर चिडतो. चिडण्यापूर्वी मूळ महाभारतात काय आहे ते बघावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने देशभरची हस्तलिखिते जमवून १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची शुद्ध आवृत्ती तयार केली. त्यातल्या वनपर्वात ही हकिकत चांगली विस्ताराने आली आहे, आणि ती वाचली की चीड दुसऱ्याच माणसांकडे वळते.

हातात चेंडू होता

यादवांच्या शूर राजाची ही थोरली लेक. खरे नाव पृथा. वसुदेवाची बहीण, म्हणजे श्रीकृष्णाची सख्खी आत्या. शूराचा आतेभाऊ कुंतिभोज, त्याला मूलबाळ नव्हते. शूराने त्याला शब्द दिला होता की माझे पहिले अपत्य तुला देईन. पहिली मुलगी झाली, आणि शब्दाप्रमाणे ती देऊन टाकली. कुंतिभोजाची झाली म्हणून कुंती.

पुढे कितीतरी वर्षांनी, युद्ध तोंडावर आले असताना, कुंती कृष्णाजवळ मन मोकळे करते. त्यात ती सांगते की मी लहान होते, हातात चेंडू घेऊन खेळत होते, तेव्हा तुझ्या आजोबांनी मला उचलून मित्राला देऊन टाकले. ती दुर्योधनाला दोष देत नाही, स्वतःला देत नाही, बापाला देते. वनवास झाला, द्यूत झाले, सुनेची विटंबना झाली, आणि तरी या बाईच्या मनात रुतून बसला आहे तो चेंडू.

आपल्याकडे शाळेसाठी मामाकडे, मावशीकडे ठेवलेल्या मुली असतात. त्यांना कुणी वाईट वागवते असे नाही. पण अशी पोर सांगितल्यापेक्षा दोन कामे जास्त करते आणि काही दुखले-खुपले तरी बोलत नाही. आपण इथे ठेवलेल्या आहोत, हे तिला कुणी न सांगता कळते. कुंतीचेही तसेच झाले असावे. मोठी माणसे मात्र तिला फार गुणी म्हणत.

आणि म्हणूनच ते काम तिच्यावर आले. राजाकडे एक मोठा तपस्वी उतरला. आदिपर्वात त्याचे नाव दुर्वास असे दिले आहे. राजवाड्यात नोकर-चाकर कमी नव्हते, पण कुंतिभोजाने ही सेवा आपल्या लेकीवर सोपवली. सोपवताना तो काय म्हणाला ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तू शूराची मुलगी, त्याने तुला मला दिले, तुझे आजवर कुणाला वावगे दिसले नाही. आता या अतिथीला राग येऊ देऊ नकोस, तो रागावला तर माझे सगळे कूळ जळून जाईल. म्हणजे एका घराण्याचे भले-बुरे त्याने तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या ओंजळीत ठेवले, आणि स्वतः राज्यकारभार बघायला मोकळा झाला.

तिने वर्षभर सेवा केली. पाहुणा सकाळी येतो म्हणून जाई तो रात्री उशिरा येई, कधी मध्यरात्री. नसलेला पदार्थ मागे, आणि तो तिने आधीच करून ठेवलेला असे. तिला उलटसुलट बोले. तिने कधी तोंड वाईट केले नाही. बाप रोज विचारी, पाहुणे खूश आहेत ना? आहेत म्हणून ती सांगे. या वर्षभरात ‘तू कशी आहेस’ असे तिला कुणी विचारल्याचे मला कुठे आढळले नाही.

वर्ष सरले. अतिथी प्रसन्न झाला आणि म्हणाला, वर माग. आता गंमत बघा. आपण सगळे समजतो की कुंतीने वर मागितला आणि मग भोगले. मूळ कथेत ती म्हणते की तुम्ही संतुष्ट, बाबा संतुष्ट, यात मला सगळे मिळाले, मला वर नको. मुलीने सरळ नाही म्हटले! त्यावर तो म्हणतो, वर नको तर हा मंत्र घे. ज्या देवाला तू या मंत्राने बोलावशील तो तुझ्या अधीन होईल, त्याची इच्छा असो वा नसो. दुसऱ्यांदा नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. शापाची भीती. तिने मंत्र घेतला आणि अतिथी निघून गेला.

शेतकरी बंधूंनो, कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. तो कशासाठी छापायचा? तर देणाऱ्याने घेणाऱ्याला काय दिले ते कळावे म्हणून. किती पाण्यात किती टाकायचे, वारा कुठून असताना फवारायचे नाही, डबा पोरांच्या हाती लागू द्यायचा नाही, एवढे न सांगता जो दुकानदार नुसता डबा पुढे सरकवतो त्याच्याशी मी नोकरीभर भांडत आलो. दुर्वासांनी त्या मुलीला लाल त्रिकोणाचा डबा दिला. देव अधीन होईल म्हणजे काय होईल, आलेला देव परत कसा पाठवायचा, एक अक्षर सांगितले नाही. घरच्यांनीही, काय मिळाले गं पोरी, असे विचारले नाही. पाहुणा शाप न देता गेला यातच सगळे समाधानी.

नुसते बघावे म्हणून

मंत्र मिळून काही दिवस गेले. ती एकटीच विचार करी की या मंत्रात खरेच तसे बळ असेल का. आणि त्याच दिवसांत ती न्हातीधुती झाली. व्यासांनी हे आडपडदा न ठेवता लिहिले आहे, आणि त्या पोरीला लाज वाटली हेही लिहिले आहे. आपल्या घरांत आजही कितीतरी मुलींना हे आधी कुणी सांगितलेले नसते. शाळेत पोट दुखते, भलतेच काही झाले म्हणून पोर घाबरते, दप्तर पुढे धरून घरी येते. आई म्हणते, बाजूला बस. झाले शिक्षण.

सकाळी वाड्यातून तिने उगवता सूर्य पाहिला. कवच-कुंडले घातलेला तेजस्वी पुरुष तिला त्या बिंबात दिसला. आणि नुसते कुतूहल म्हणून, खरे-खोटे बघावे म्हणून, तिने पाणी हातात घेऊन मंत्र म्हटला. लहान मूल विजेचे बटण का दाबून बघते? तितकेच.

सूर्य आला. हसतमुखाने म्हणाला, सांग, काय करू? ती घाबरून गेली. म्हणाली, मी सहज बोलावले, आपण आलात तसे परत जावे, मला क्षमा करावी.

पुढचे जपून सांगावे लागते, पण सांगितलेच पाहिजे. सूर्य आपले दैवत आहे. रोज सकाळी बांधावर उभे राहून आपण त्याला हात जोडतो, पीक त्याच्यावर येते. त्याला नमस्कार करून मी म्हणतो, त्या दिवशीचे त्याचे बोलणे बघा. तो म्हणतो, मला बोलावून असे रिकाम्या हाताने परत पाठवता येणार नाही, देव मला हसतील. तू ऐकले नाहीस तर तुला शाप देईन. तू काय करतेस ते ज्याला ठाऊक नाही त्या तुझ्या बापाला शाप देईन. आणि तुझे शील न बघता ज्याने तुला मंत्र दिला त्या ब्राह्मणालाही देईन. ती म्हणते, माझ्या देहावर अधिकार आई-वडिलांचा, वडीलधाऱ्यांचा. त्यांना विचारल्याशिवाय हे कसे होईल? तो तिला समजावतो, शब्दांचे अर्थ काढून दाखवतो, काही बिघडत नाही म्हणतो, तुझे कौमार्य जसेच्या तसे राहील म्हणतो. तिने परोपरीने विनवले. मग तिने बराच वेळ मान खाली घालून विचार केला. विचार कशाचा? आपल्यामुळे निरपराध बाप आणि तो ब्राह्मण शापात सापडतील याचा.

मायबहिणींनो, हे बोलणे ओळखीचे वाटते ना? तू कुणाला सांगितलेस तर तुझ्या बापाची काय गत होईल बघ. तूच बोलावलेस. काही होत नाही. मोठ्या ताकदीच्या माणसाने पोरीला कोंडीत पकडण्याचे शब्द तीन हजार वर्षांत फारसे बदललेले नाहीत. आणि आज्ञाधारक मुलगी त्यात आधी सापडते, कारण घरादाराचा भार तिने आधीच उचललेला असतो.

त्या कोंडीत तिने एक गोष्ट मागितली. सगळ्या प्रकरणात तिचे स्वतःचे असे मागणे हेच पहिले. होणाऱ्या मुलाला तुझ्यासारखी कवच-कुंडले असावीत. सूर्याने ते मान्य केले.

मध्यरात्रीची नदी

दिवस गेले. ती मुलींच्या महालात राहत होती. तिने हे सगळे इतके बेमालूम लपवले की तिच्या दाईच्या मुलीशिवाय कुणालाही कळले नाही. नऊ महिने एक मुलगी एका मोठ्या घरात वावरते आहे, आणि रोज पाहुण्याची खुशाली विचारणाऱ्या बापाला पत्ता नाही.

मूल झाले. अंगावर कवच, कानात कुंडले. दाईशी विचार करून तिने एक पेटी घेतली. आत मऊ अंथरले. पाणी शिरू नये म्हणून पेटीला सगळीकडून मेण लावले, झाकण घट्ट केले. आपण कणगीला आतून-बाहेरून शेणमातीने लिंपतो तसे तिने त्या पेटीला मेणाने लिंपले असेल, एकेक फट बोटाने चाचपून. टाकून देणारी बाई एवढे करीत नाही. मध्यरात्री अश्वनदीच्या काठी जाऊन तिने ती पेटी पाण्यात सोडली आणि रडत रडत बोलली. पाण्यातले, जमिनीवरचे, आकाशातले सगळे तुझे रक्षण करोत. जी बाई तुला लेक म्हणून उचलील, जिचे दूध तू पिशील, ती धन्य. तू धुळीत रांगशील, बोबडे बोलशील, ते जे पाहतील ते धन्य. परमुलखात दिसलास तरी या कवचावरून मी तुला ओळखीन. तेव्हा कळते की तिने कवच का मागितले होते.

मग बापाला कळेल या भीतीने ती परत वाड्यात येऊन निजली.

पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, म्हणजे आजच्या चंबळेत गेली. चंबळेतून यमुनेत, यमुनेतून गंगेत, आणि वाहत वाहत चंपानगरीला लागली. ही चंपा म्हणजे बिहारात भागलपूरजवळचा भाग. तिथे अधिरथ नावाचा सूत आणि त्याची बायको राधा गंगेवर आली होती. राधेला मूल नव्हते. तिने ती पेटी धरवून काठाला आणली, अधिरथाने उघडली. मुलाचे नाव वसुसेन ठेवले. राधेने ज्या मायेने त्याला वाढवले ती माया राजघराण्यातही सहसा मिळत नाही. पुढे जन्मभर कर्णाने स्वतःला राधेय म्हणवून घेतले ते उगाच नाही.

इथे जरा थांबून आजचे सांगतो, कारण मध्यरात्रीची नदी अजून संपलेली नाही. उकिरड्यावर, काटवनात, बसथांब्यावर तान्हे मूल सापडल्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. गाव त्या आईला शिव्या घालून मोकळे होते. त्या आईचे वय किती होते, आणि तिला ज्याने फसवले त्याचे नाव काय, हे बातमीत नसते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, ज्या आईला खरोखर मूल सांभाळणे शक्य नाही तिला ते बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येते. ही समिती जिल्ह्याला असते. सोपवल्यावर आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. तेवढ्यात मन बदलले तर मूल परत मागता येते. तिचे नाव चव्हाट्यावर आणायचे नसते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकटचा फोन दिवसरात्र चालू असतो. तो मुलीने स्वतः केला तरी चालतो, शेजारणीने केला तरी चालतो. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने तो गुन्हा ठरतो, आणि ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘गावात बोभाटा नको’ म्हणून घाईने तिचे लग्न लावून देणे हा त्यावर दुसरा गुन्हा. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ मध्ये तो सुधारला. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पालकाच्या लेखी संमतीने, डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मार्ग आहे, आणि तो जितका लवकर तितका धोका कमी. सरकारी दवाखान्यातच जावे, गावठी औषधाच्या नादी लागू नये.

हे सगळे मार्ग पोरीने तोंड उघडले तरच उपयोगाचे. आठवड्यांचा हिशेब असतो, आणि भीतीत आठवडे भराभर जातात. पेरणीची वेळ साधायला आपण पंचांग बघतो, हवामानाचा अंदाज ऐकतो, तिफण आठ दिवस आधी दुरुस्त करून ठेवतो. तितक्या आगाऊपणाने लेकीशी कोण बोलते? आई बोलायला लाजत असेल तर गावात आशाताई आहे, अंगणवाडीताई आहे. आणि बापाने सगळे बायकांवर सोडून द्यावे असे मला वाटत नाही. बापाने फार काही बोलण्याची गरज नाही. काहीही झाले तरी आधी मला सांग, मी ओरडणार नाही, एवढे एकदा म्हणून ठेवले, आणि वेळ आल्यावर खरेच ओरडला नाही, की पुरते. कुंतिभोजाने हे वाक्य उच्चारले असते तर अश्वनदीवर जायची वेळ आली नसती.

पदराच्या सावलीत

पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून लांबवीत नाही. कुंतीचे पंडूशी लग्न झाले. हेरांकडून तिला कळत राहिले की अंगदेशात एक मुलगा जन्मजात कवच घेऊन वाढतो आहे. म्हणजे विसरली नव्हती. हस्तिनापुरात राजपुत्रांच्या विद्येची परीक्षा झाली, कर्ण रिंगणात उतरला, तिने कवचावरून त्याला ओळखले आणि ती जागीच कोसळली. विदुराने दासींकडून चंदनाचे पाणी शिंपडवून सावध केले. तोवर कर्णाला त्याचे कूळ विचारले जात होते आणि त्याची मान खाली गेली होती. घामाघूम झालेला म्हातारा अधिरथ काठी टेकत आला, कर्णाने त्याच्या पायावर डोके ठेवले, आणि भीमाने भर सभेत हिणवले की तुला धनुष्य कशाला, चाबूक घे. एका लेकराने दुसऱ्या लेकराला हिणवले, आणि आईला तोंड उघडता आले नाही.

तोंड उघडले ते थेट युद्धाच्या आधी. ती गंगेवर गेली. कर्ण पूर्वेकडे तोंड करून हात वर करून जप करीत होता. ऊन चढले. ती त्याच्या मागे, त्याच्या उपरण्याच्या सावलीत उभी राहिली, सुकलेल्या कमळाच्या माळेसारखी. जप संपायला दुपार झाली. तिने सांगितले, तू राधेचा नव्हेस, माझा आहेस. कर्णाने तिला उलट बोलून घेतले. जे शत्रूनेही केले नसते ते तू केलेस, म्हणाला. आणि आज आलीस तीही स्वतःच्या कामासाठी. यातले एक अक्षर खोटे नव्हते. तरी त्याने शब्द दिला की अर्जुनाखेरीज चौघांना मारणार नाही. तो पडला तरी वा मी पडलो तरी तुझे पाच मुलगे पाचच राहतील.

युद्धाच्या सतराव्या दिवशी कर्ण पडला. युद्ध संपल्यावर मृतांना पाणी द्यायची वेळ आली तेव्हा ती पांडवांना म्हणाली, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कळवळला. हे आधी कळते तर एवढा संहार झाला नसता, म्हणाला, आणि रागाच्या भरात त्याने साऱ्या स्त्रीजातीला शाप दिला की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. धर्मराजाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हा शाप मला कधीच पटला नाही. गुपित पोटात राहिले म्हणून एवढे झाले, हे बरोबर. पण ते तिथे का राहिले? सांगावे असे एकही माणूस घरात नव्हते म्हणून. शाप द्यायचाच होता तर आजोबांच्या वाट्याला थोडा द्यायचा होता.

यानंतर पंधरा-एक वर्षे गेली. म्हातारे धृतराष्ट्र-गांधारी वनात निघाले तेव्हा मुलांचे राज्य सोडून कुंतीही त्यांच्याबरोबर गेली. मुलांनी फार समजावले, ती ऐकली नाही. तिथे एकदा व्यास आले. प्रत्येकाच्या मनात काय आहे ते त्यांनी विचारले, आणि जे मनात असेल ते पुरवीन म्हणाले. म्हणजे पुन्हा वरच. व्यास नात्याने तिचे सासरे. त्यांच्यापुढे त्या म्हातारीने पहिल्यापासून सगळे सांगितले: तो रागीट अतिथी, तो मंत्र, आपण नको म्हटले होते ते, सकाळचा सूर्य, शापाची भीती, बापापासून लपवणे, नदी. पाप असो नसो, मी तुमच्यापुढे उघड केले, असे म्हणाली. आणि मग तिने मागितले. त्या मुलाला एकदा बघायचे आहे.

व्यासांनी आधी तिला सांगितले की तुझा यात काही अपराध नाही. इतक्या वर्षांत तिला हे प्रथमच कुणीतरी म्हटले.

मग सगळ्यांना घेऊन ते गंगेवर गेले. दिवस मावळेपर्यंत माणसे काठावर वाट बघत बसली. अंधार पडल्यावर व्यास पाण्यात उतरले आणि त्यांनी हाक मारली. पाण्यात मोठा गलबला झाला, आणि युद्धात पडलेले सगळे एकेक करून वर येऊ लागले. भीष्म आले, द्रोण आले, अभिमन्यू आला, द्रौपदीचे पाच मुलगे आले, दुर्योधन आणि त्याचे भाऊ आले. कुणाच्याच मनात आता वैर नव्हते. पांडव कर्णाला जाऊन भेटले. जिने ती पेटी चंपेला पोचवली होती, त्याच गंगेतून तो वर आला होता. रात्रभर ती माणसे एकमेकांजवळ होती. उजाडायच्या सुमारास जे पाण्यातून आले होते ते पाण्यात परत गेले.